लेडी बी गुड

दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात हरवलेले अमेरिकेचे बी-२४ डी लिबरेटर जातीचे चार एंजिनांचे बाँबफेकी विमान. ४ एप्रिल १९४३ रोजी नेपल्स बंदरावरील हल्ल्यासाठी बेंगाझीजवळील सोलुक तळावरून निघालेल्या २५ विमानांपैकी हे एक होय. वैमानिक लेफ्टनंट विल्यम हॅटन यांच्यासह त्यात नऊ जण होते. त्यांची ही पहिलीच लढाऊ मोहीम होती. लक्ष्यावर हल्ला न करताच विमान अंधारात एकटे परत फिरले.

मध्यरात्रीनंतर हॅटन यांनी बेनिना येथील रेडिओ केंद्राकडे दिशा विचारली. केंद्राच्या वेटोळ्याच्या अँटेनाला संदेश कोणत्या रेषेवरून येतो हे कळे. त्या रेषेच्या कोणत्या टोकाकडून येतो, हे कळत नसे. केंद्राने विमान वायव्येस म्हणजे समुद्रावर असल्याचे कळविले. प्रत्यक्षात ते तळ ओलांडून आग्नेयेस गेले होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. खाली समुद्रच आहे या समजुतीने विमान पुढे जात राहिले व इंधन संपत आल्यावर, पहाटे दोनच्या सुमारास, सर्वांनी हवाई छत्र्यांच्या साहाय्याने उड्या घेतल्या. ते किनाऱ्यापासून शेकडो किमी. आत उतरले. एकाची छत्री नीट न उघडल्याने तो तत्काळ मरण पावला.

उरलेले आठ जण एकत्र आले व वायव्येकडे चालू लागले. त्यांच्याजवळ पाण्याची अर्धी बाटली होती. किनारा जवळ आहे असे मानणाऱ्यांचा हा निर्णय त्यांच्या दृष्टीने योग्यच होता. त्यांचे विमान मात्र दक्षिणेस सु. २६ किमी.वर आपोआप वाळूवर उतरून बरेचसे शाबूत राहिले होते. त्यात पाणी, अन्न व चालू स्थितीतील रेडिओ होता. सहवैमानिक रॉबर्ट टोनर यांच्या रोजनिशीतील शेवटची नोंद १२ एप्रिलची आहे. पाण्याच्या अशा तुटवड्यात माणसे आठ दिवस तग धरतील, हे तज्ज्ञांना अशक्य वाटत होते.

१९५८ मध्ये तेलशोधकांना हे विमान हवेतून दिसले. फेब्रुवारी १९६० मध्ये पाच मृतदेह विमानापासून सु. १३० किमी.वर सापडले. मदत आणण्यासाठी पुढे गेलेल्या तिघांपैकी दोघांचे देह तेथून आणखी ३० किमी.हून अधिक अंतरावर मिळाले. छत्री न उघडलेल्याचा देहही त्याच वर्षी हाती आला. नवव्याचे अवशेष अधिकृतपणे सापडल्याची नोंद नाही. विमानाचे भग्नावशेष १९९४ मध्ये टोब्रुक येथे हलविण्यात आले.