सांत्वनाला जायचे ते माणूस असताना
लेखमाला : वेदनेच्या सोबतीला | लेखांक ४

पॅलिएटिव्ह केअरला, म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाचे दुखणे हलके करणाऱ्या सेवेला, मल्याळममध्ये ‘सांत्वन परिचरणम्’ म्हणतात. दोन्ही शब्द आपल्याला कळतात, तरी पहिला कानाला खटकतो. आपल्याकडे सांत्वनाला जायचे ते माणूस गेल्यावर. दारात चपला काढायच्या, घरच्यांसमोर थोडा वेळ गप्प बसायचे आणि उठायचे. केरळात हाच शब्द माणूस जिवंत असतानाच त्याच्या खाटेशी येऊन बसला आहे. तो तिथवर नेला गावोगावच्या स्वयंसेवकांनी. त्यांना तयार कसे करतात आणि त्यांच्यावर काय सोपवतात, ते आज पाहू.

गेल्या आठवड्यात आपण मॉर्फिनची गोष्ट पाहिली. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने हे स्वस्त वेदनाशामक औषध दवाखान्यांतून जवळजवळ नाहीसे झाले आणि २०१४च्या दुरुस्तीने त्याची वाट थोडी मोकळी झाली. पण औषध मिळाले म्हणजे ते रोग्यापर्यंत पोचले असे नाही. १९९३मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या साथीदारांनी कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ सुरू केली, तेव्हा हीच अडचण पुढे आली. ज्याला बसने येता येई त्याला आराम पडे. जो अंथरुणाला खिळला होता, तो दुखणे सोसत घरीच राही.

यावर डॉक्टर वाढवणे हा सहज सुचणारा उपाय. पण आठवड्याचे तास १६८. डॉक्टर घरी आला तरी फार तर एक तास बसेल. उरलेल्या १६७ तासांत कूस कोण बदलून देणार? घरातली बाई दोन घटका बाहेर कधी पडणार? कमावता माणूस खाटेवर पडल्यावर मुलांच्या वह्या-पुस्तकांचे काय? यातले बहुतेक प्रश्न वैद्यकाचे नाहीतच, शेजाराचे आहेत. हे ओळखून १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून मलप्पुरम जिल्ह्यात आणि आसपास जे काम उभे राहिले, ते ‘नेबरहुड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर’ या नावाने ओळखले जाते.

पद्धत साधी आहे. वस्तीत बैठक बोलवायची आणि विचारायचे : आपल्या भागातल्या आजाऱ्यांसाठी आठवड्याला किमान दोन तास कोण देऊ शकेल? शिक्षणाची अट नाही, वयाची नाही. दोन तासच मागण्यात शहाणपण आहे. रिक्षावाला, दुकानदार, शिक्षिका, गृहिणी यांना तेवढे झेपतात आणि वर्षानुवर्षे झेपत राहतात. जे पुढे येतात त्यांचे १६ तासांचे वर्ग होतात आणि चार वेळा त्यांना प्रत्यक्ष रुग्णसेवेसाठी सोबत नेले जाते. मग १०-१५ जणांचा गट तयार होतो.

या वर्गांत भर असतो बोलण्यावर, त्याहून अधिक ऐकण्यावर. हे शिकवावे लागते, कारण आजाऱ्याला भेटायला गेल्यावर आपण सगळे ठरलेलेच बोलतो. ‘काही होत नाही, बरे व्हाल.’ ‘अमक्या वैद्याकडे जाऊन आलात का?’ त्या माणसाला मात्र विचारायचे असते की, मी गेल्यावर धाकटीचे लग्न कोण पाहील? आपल्या धीर देण्याने त्याचा हा प्रश्न ओठांवरच राहतो. म्हणून स्वयंसेवकाला शिकवतात : खोटी आशा दाखवू नका, सल्ला देण्याची घाई करू नका, शांततेला भिऊ नका. त्यानंतर तोंडाची स्वच्छता, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, जखमेची निगा अशी साधी शुश्रूषा येते. ती घरच्यांनाही शिकवायची असते.

मर्यादा तितक्याच स्पष्ट लागतात. औषध ठरवायचे ते डॉक्टरने. कॅथेटर आणि अवघड जखमा नर्सच्या हाती. स्वयंसेवकाने बदल टिपायचा आणि वेळेवर कळवायचा. घरात दिसले-ऐकले ते बाहेर बोलायचे नाही, ही अट तर सर्वांत कठीण. स्वयंसेवक त्याच गल्लीतला असतो. त्याच्यावर विश्वास बसतो तो ओळखीमुळे आणि तो गमावण्याची भीती असते तीही ओळखीमुळेच. शिवाय जीव लावलेला रोगी जातो, तेव्हा स्वयंसेवकही खचतो. त्याने आपले मन गटात मोकळे करावे, यासाठी एकत्र बसणे गरजेचे असते. एकट्याने हे काम फार दिवस होत नाही.

पण या कामाचे खरे वेगळेपण मालकीत आहे. पुष्कळ संस्थांत तज्ज्ञ आखतात आणि स्वयंसेवक सांगकाम्या होतो. इथे आपल्या भागात कोण आजारी आहे, कोणाच्या घरी तांदूळ संपले आहेत, कोणाला इस्पितळात जायला गाडी लागेल, हे गट शोधतो आणि सोय करतो. पैसा मुख्यतः लहान लहान स्थानिक देणग्यांतून उभा राहतो. त्या पैशातून नर्स आणि डॉक्टर नेमले जातात. निर्णय गावाचा आणि तज्ज्ञ त्याच्या मदतीला, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे काम कर्करोगापुरते राहिले नाही. पक्षाघात झालेले, पाठीचा कणा मोडलेले, थकलेले वृद्ध अशा सगळ्यांना गटांनी आपले म्हटले, कारण गावाला रोगाच्या आधी माणूस दिसतो.

महाराष्ट्र आणि गोवा या क्षेत्रात नवखे नाहीत. वांद्र्याची शांती अवेदना ही देशातली पहिली हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतल्या रोग्यांचे शुश्रूषागृह) १९८६मध्ये सुरू झाली, पुढे गोव्यातही तिचे केंद्र आले. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचे केंद्र आहे. तिथली सेवा मोलाची आहे. पण अशा केंद्राच्या दारापर्यंत पोचू न शकणारा रोगी प्रत्येक तालुक्यात आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून शेजारीही आहे. गणपतीची वर्गणी घरोघर फिरून जमवणारी, मांडवात रात्र जागवणारी मंडळे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. आठवड्याला दोन तास त्यांना जड नाहीत. त्या तासांना शिकवण, शिस्त आणि पाठीशी एक नर्स एवढे मिळाले, तर सांत्वनाला जायला आपल्यालाही मरणाची वाट पाहावी लागणार नाही.

(पुढील आठवड्यात : २००८मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आणले आणि पंचायती या कामात उतरल्या. गावाने उभे केलेले काम सरकारच्या हातात हात घालून कसे चालते?)