सुरतेचा बुध आणि आपली विज्ञान संग्रहालये

सुरत म्हटले की हिरे, जरी आणि कापड आठवते. मराठी मनाला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० मधील स्वाऱ्याही आठवतात. पहिल्या स्वारीच्या तेरा वर्षे आधी याच बंदरात घडलेली एक घटना मात्र विस्मरणात गेली आहे. ३ नोव्हेंबर १६५१ रोजी जेरेमी शेकर्ली या तरुण इंग्रज खगोलाभ्यासकाने सुरतेत दुर्बिणीतून सूर्यबिंबावरचा बुध पाहिला. खगोलनिरीक्षणासाठी भारतात दुर्बीण वापरल्याची ही पहिली ज्ञात नोंद मानली जाते.

बुध ग्रह सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधून जाताना सूर्यबिंबावर काळा ठिपका सरकताना दिसतो. यास अधिक्रमण म्हणतात. बुधाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ७ अंशांनी कललेली असल्याने तो बहुतेक वेळा सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. म्हणूनच शतकभरात अशी अधिक्रमणे जेमतेम १३ ते १४ होतात. केप्लर यांच्या भाकितानुसार १६३१ मध्ये गासेंदी यांनी पॅरिसमधून ते पाहिले. १६५१ चे अधिक्रमण इंग्लंडमधून दिसणार नाही, आशियातून दिसेल, हे शेकर्ली यांनी गणिताने ताडले होते. सुरतेत तो ठिपका दिसला; परंतु बुधाच्या प्रवेशाची व निर्गमनाची वेळ नोंदवता न आल्यामुळे ग्रहगणितास त्याचा विशेष उपयोग झाला नाही.

आज सुरत महानगरपालिकेचे २००९ मध्ये खुले झालेले विज्ञान केंद्र या शहरात आहे. तारांगण, कलादालन आणि १८९० साली विंचेस्टर संग्रहालय म्हणून सुरू झालेले सरदार पटेल संग्रहालय त्याच संकुलात नांदतात. इतिहास, कला व आकाश यांना एका छताखाली आणण्याचे काम एका नगरसंस्थेने केले, हे लक्षणीय आहे.

गोव्यातही अशी साधने आहेत, पण विखुरलेली. बोगमाळो येथे १९९८ पासून नौदलाचे हवाई संग्रहालय आहे, तर मिरामार येथे २००१ पासून गोवा विज्ञान केंद्र. ज्या ‘विक्रांत’वरून सी हॉक व अलिझे विमाने उडाली, ती नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली, परंतु जतन न झाल्याने २०१४ मध्ये भंगारात गेली. तिची विमाने मात्र बोगमाळोत पाहता येतात. वस्तू जपली तरच इतिहास दाखवता येतो, हा त्यातील धडा.

आकाशातील घटनेचे तसे नाही. तिची वस्तू मागे उरत नाही, पण ती पुन्हा घडते. शनिवार, १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बाराच्या सुमारास सुरू होऊन साडेचारपर्यंत चालणारे बुधाचे अधिक्रमण सुरतेतून आणि गोव्यातूनही संपूर्ण दिसेल. सूर्याच्या व्यासाच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा तो ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी दुर्बीण हवी आणि तिच्या पुढील भिंगावर प्रमाणित सौरगाळणी हवी. गाळणीविना दुर्बिणीतून सूर्य पाहिल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

त्या दिवशी दुर्बिणीपाशी येणारी मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. शेकर्ली यांच्यापाशी नसलेली अचूक घड्याळे आज प्रत्येकाच्या खिशात आहेत. त्यांना वेळ नोंदवण्यास, गणित पडताळण्यास शिकवणे हे विज्ञान केंद्रांचे खरे काम होय, आणि त्याची तयारी आतापासूनच व्हायला हवी.