हैदराबादचे विमान

लंडन शहराच्या वायव्येस हेंडन नावाचे उपनगर आहे. आज तेथे घरांची दाटी दिसते; परंतु एके काळी ही सारी भूमी मोकळी होती व तिच्यावरून विमाने आकाशात झेपावत असत. क्लॉड ग्रॅहॅम-व्हाइट या वैमानिकाने १९११ मध्ये येथे विमानतळ उभारला. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४० मध्ये, लंडनच्या रक्षणासाठी ५०४ क्रमांकाच्या पथकाची हरिकेन जातीची लढाऊ विमाने येथूनच उड्डाण करीत. १५ सप्टेंबर रोजी या पथकातील रे होम्स या वैमानिकाजवळच्या गोळ्या संपल्या, तेव्हा त्याने आपले विमानच शत्रूच्या बाँबफेकी विमानावर नेऊन आदळले आणि स्वतः हवाई छत्रीच्या साहाय्याने खाली उतरून प्राण वाचविले. युद्धानंतर विमानतळ बंद पडला व १९७२ मध्ये त्याच जागी ब्रिटिश वायुदलाचे संग्रहालय उघडण्यात आले. विमाने ठेवण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलेले जुने हँगर त्याच्या इमारतीत सामावून घेतलेले आहेत.

परभणीहून इतक्या दूर असलेले हे संग्रहालय आपण कशासाठी पाहावयाचे? त्याचे कारण तेथील एका विमानात आहे. त्याचे नाव डी. एच. ९ ए. शेजारच्या पोलादी विमानांपुढे ते फारच नाजूक वाटते. एकावर एक असे दोन पंख, लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले कापड! हे कापड कशाचे असे, हे ऐकून शेतकऱ्यांच्या मुलांना नवल वाटेल. ते जवसाचे असे. आपण जवस पेरतो ते तेलासाठी व चटणीसाठी. परंतु थंड देशांत त्याच्या खोडातील चिवट धाग्यांचे वस्त्र विणतात. हे वस्त्र सांगाड्यावर शिवून त्यावर एक प्रकारचे रोगण फासले, की ते वाळताना आक्रसते आणि पखवाजाच्या पुडीसारखे ताठ होते. विमानाच्या नाकाशी सुमारे ४०० अश्वशक्तीचे अमेरिकन इंजिन आहे. पुढील उघड्या जागेत वैमानिक बसे, त्याच्या मागे बंदूकधारी टेहळ्या. ना काचेचे छत, ना पाठीवर हवाई छत्री. अशा स्थितीत ते दोघे कडाक्याच्या थंडीत हजारो फूट उंच उडत आणि जर्मन शहरांवर बाँब टाकून परत येत. पुष्कळजण परत येत नसत.

या विमानावर हैदराबादचे नाव रंगविलेले होते. १९१८ मध्ये ११० क्रमांकाच्या पथकाला जी पहिली विमाने मिळाली, ती हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भेट दिलेली होती. म्हणून त्या पथकालाही हैदराबादचे नाव देण्यात आले. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतसाऱ्याचा असे, आणि तो भरणारे होते ज्वारी-कापूस पिकविणारे शेतकरी. कोणत्या गावचा कोणता रुपया या विमानांत गेला, हे सांगता येणे शक्य नाही. तथापि ज्यांच्या घामावर अशी औदार्ये उभी राहत, त्यांना कोणी विचारले नव्हते एवढे निश्चित. दानपट्टीवर नाव राजाचे लागते.

त्या वर्षी मराठवाड्याची स्थिती कशी होती? १९१८ च्या पावसाळ्यात देशभर पर्जन्याने दगा दिला. पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली. १९११ च्या खानेसुमारीत हैदराबाद राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. वाढावयाची ती घटली! जेव्हा हैदराबादची विमाने फ्रान्समधून उड्डाण करीत होती, तेव्हा हैदराबादच्याच खेड्यांतून घरेच्या घरे ओस पडत होती.

हेंडनचे हे विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागले व त्यातील दोघे वीर कैद झाले. विमान मात्र जर्मनांनी मोडले नाही. पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागले, तेव्हा ते पूर्वेकडे हलविण्यात आले, आणि युद्ध संपल्यावर पोलंडच्या हाती राहिले. १९७७ मध्ये इंग्लंडने पोलंडला एक स्पिटफायर विमान दिले व त्याच्या बदल्यात हे आपल्याकडे आणले. विजयचिन्ह म्हणून धरलेली वस्तू अशा रीतीने साठ वर्षांनी वस्तुविनिमयात परत आली.

दुसऱ्या महायुद्धातही हैदराबादचे नाव आकाशात होते. १५२ क्रमांकाचे स्पिटफायर पथक आणि २५३ क्रमांकाचे हरिकेन पथक अशी दोन पथके त्या नावाने लढली. १५२ च्या मुद्रेवर तर निजामाचे शिरोभूषणच कोरलेले होते. हे पथक पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवरही येऊन लढले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि परभणी स्वतंत्र भारतात आली. ११० क्रमांकाचे पथक मात्र हैदराबादचे नाव घेऊन १९७१ पर्यंत, म्हणजे त्यानंतरही तेवीस वर्षे, अस्तित्वात होते. त्यानंतर ते विसर्जित झाले.