पुढचा प्रश्न कोणता विचारू?

तुम्ही फोन लावलाय. पलीकडे माणूस नाही, यंत्र आहे. ते म्हणतं, "नमस्कार! बोला, काय मदत करू?" तुम्ही म्हणता, "न्यूआर्कमध्ये सकाळी एखादं म्युझियम बघायचंय." तेवढ्यात बाजूने एक ट्रक हॉर्न वाजवत जातो आणि यंत्राच्या कानावर पडतं फक्त "सकाळी... म्युझियम..." तेही म्युझियमच होतं की आणखी काही, याची त्याला खात्री नाही.

आता सांगा, यंत्राने काय विचारावं? "तुम्ही म्युझियम म्हणालात ना?" की म्युझियमच धरून चालावं आणि थेट "कुठल्या गावात?" विचारावं? दर वेळी खात्री करत बसलं तर बोलणारा वैतागणार. कधीच केली नाही तर म्युझियम मागणाऱ्याला ते प्राणिसंग्रहालयाचा पत्ता देऊन मोकळं होणार!

असं यंत्र खरंच होतं. त्याचं नाव एनजेफन. एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत सतिंदर सिंग, डायन लिटमन, मायकेल कर्न्स आणि मॅरिलिन वॉकर यांनी त्यावर काम केलं आणि २००२ साली त्याचा सविस्तर शोधनिबंध छापला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात फिरायला कुठे जावं, हे एनजेफन फोनवर सांगायचं. त्यासाठी त्याला तीनच गोष्टी हव्या असत: काय बघायचंय, कुठे, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी.

तीनच? मग अवघड काय त्यात? तर बोलण्याच्या ओघात असे ४२ प्रसंग होते, जिथे यंत्रापुढे दोन वाटा असत. मोकळा प्रश्न विचारू की नेमका? खात्री करू की पुढे जाऊ? आता कॅल्क्युलेटर घ्या आणि ४२ वेळा दोन लिहून त्यांचा गुणाकार करा. उत्तर ४ लाख कोटींच्याही वर जातं! बोलण्याच्या इतक्या तऱ्हा, आणि प्रत्येक तपासायची म्हटलं तर तेवढे फोन करणार कोण?

शास्त्रज्ञांनी शक्कल लढवली. आधी यंत्राला मुद्दाम वाटेल तसं बोलू दिलं. दोन वाटा आल्या की नाणं उडवल्यासारखी कुठलीही एक धरायची. ५४ जणांनी त्याच्याशी ३११ संभाषणं केली. तिन्ही गोष्टी बरोबर कळल्या तर अधिक १ गुण, नाहीतर उणे १. मग अख्ख्या तऱ्हा तपासण्याऐवजी एकेक प्रसंग सुटा घेतला. इथे खात्री केली की पुढे बहुतेक वेळा काय होतं? नाही केली तर? शेवटच्या गुणापासून मागे मागे येत प्रत्येक वाटेची किंमत त्यांनी काढली. मला तर हीच सगळ्यात सुंदर युक्ती वाटते, कारण तिच्यामुळे ३११ संभाषणं पुरली! गुणांवरून शिकण्याच्या या पद्धतीला रिइन्फोर्समेंट लर्निंग म्हणतात.

यंत्र काय शिकलं? सुरुवात मोकळ्या प्रश्नाने करायची. माणूस एका दमात सगळं सांगून टाकू शकतो. अडलं, की तीच गोष्ट पुन्हा विचारताना प्रश्न नेमका करायचा. नेमक्या प्रश्नाची उत्तरं मोजकीच असतात, त्यामुळे ती ओळखायला सोपी जातात. नव्या २१ जणांनी या शिकलेल्या यंत्राला फोन केले, तेव्हा पूर्ण यशस्वी संभाषणं सुमारे ५२ टक्क्यांवरून सुमारे ६४ टक्क्यांवर गेली.

गुण कशाला द्यायचे, हे मात्र माणसांनीच ठरवायचं असतं आणि तिथे फार जपावं लागतं. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी काम फत्ते झालं तर २० गुण आणि बोलण्याच्या प्रत्येक फेरीला उणे १, असा हिशेब वापरला. म्हणजे यंत्र पाल्हाळ लावत नाही. पण समजा, फेरीला उणे १ ऐवजी उणे ३० ठेवले तर? काम करून होणारा तोटा जास्त, म्हणून यंत्र "नमस्कार" म्हणून लगेच फोन ठेवायला शिकेल!