जुन्या संगणकासाठी एसएसडी
मिरचीच्या बाजारपेठेसाठी परिचित असलेल्या पिंपळगाव रेणुकाईत (जि. जालना) घरचा हिशेबाचा संगणक मंदावला, तर लगेच नवा घेण्याची घाई नको. दोष पुष्कळदा हार्ड डिस्कचा असतो. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, तरी विखुरलेली माहिती शोधण्यात वेळ जातोच. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. साध्या कामास २५६ जीबीची सॅटा एसएसडी पुरते. तिच्यावर विंडोज ठेवावे, छायाचित्रे जुन्या डिस्कवर. वेगवान एनव्हीएमईसाठी मदरबोर्डवर तशी जागा लागते.

खरा धोका विजेचा. माहिती साठविली जात असतानाच ती गेली, तर दोन्हींत बिघाड संभवतो, यूपीएस हवाच. बिघडलेल्या एसएसडीतून माहिती परत मिळविणे फार कठीण. म्हणून हिशेबाची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडलेली एसएसडी त्या कामी भरवशाची नाही.