संधि आणि समास

वर्गांत व्याकरण शिकवितांना मी विद्यार्थ्यांस सांगत असें कीं, दोन पदें एकत्र येण्याच्या रीति दोन आहेत. समासांत पूर्वपद बहुधा आपली विभक्ति टाकतें व दोहोंचें मिळून एकच पद होतें. संधींत पदें आपापला अर्थ राखतात, केवळ सांध्याजवळचा वर्ण थोडा बदलतो. नगरांतील प्रवासी वाहतुकीचा विचार करतांना हाच भेद मला आठवतो.

लंडन येथें १९३३ सालीं भुयारी रेल्वे, ट्राम व बस यांचा कारभार एकाच मंडळाकडे देण्यांत आला. आपल्याकडे पुणें व पिंपरी-चिंचवड येथील बससेवा २००७ सालीं एक झाल्या. हा समास होय. उलट जर्मनींतील हॅम्बुर्ग येथें १९६५ सालीं वाहतूकसंस्थांनीं आपापलें अस्तित्व राखून संघ स्थापिला. प्रवाशास तिकीट एकच. उत्पन्नाची वांटणी संस्थांनीं आपसांत करावयाची. हा संधि.

आतां आपल्याकडे पाहूं. साताऱ्याचें रेल्वे स्टेशन शहरापासून दूर, माहुलीजवळ, एस. टी. चें स्थानक गांवांत. सांगली, मिरज व कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ पासून एक; परंतु रेल्वेचें वेळापत्रक वेगळें, एस. टी. चें वेगळें, आणि वडापवाल्यांस तर गाडी भरणें हेंच वेळापत्रक!

मागें एका परगांवीं रात्रीं आम्ही उभयतां आगगाडींतून उतरलों. गाडी वेळेवर आली होती. गांवांत जाणारी शेवटची बसही वेळेवरच, दहा मिनिटें आधीं, निघून गेली होती. गुडघेदुखीनें बेजार झालेल्या सहधर्मचारिणीस घेऊन उजाडेपर्यंत बाकावर बसावें लागलें. दोष कोणास द्यावा? प्रत्येकानें आपलें काम चोख केलें होतें. सांधा मात्र कोणाच्याच कामांत मोडत नव्हता.

संस्था एक करणें हें दीर्घकाळाचें व खर्चाचें काम आहे. संधि उद्यांही करतां येईल. रेल्वे, एस. टी. व शहरी बस यांच्या वेळा एकाच फलकावर लिहाव्या. शेवटच्या आगगाडीच्या उतारूंस शेवटची बस मिळालीच पाहिजे, असा नेम करावा. त्यानंतर येणाऱ्यांसाठीं रिक्षाचा दर ठरवून द्यावा. यांत प्रत्येकास थोडी तोशीस पडेल, हें खरें. परंतु वर्णानें मुळींच बदलावयाचें नाहीं असें म्हटलें, तर संधि होत नाहीं.

वेगळीं बिऱ्हाडें केलेले दोन भाऊही आईच्या औषधाची वेळ चुकूं देत नाहींत. सार्वजनिक संस्थांकडून अपेक्षा तेवढीच आहे.