'व्हीझ' म्हणजे नेमकं काय?

हॅरी पॉटर वाचलेल्यांना जॉर्ज आणि फ्रेडचे दुकान आठवत असेलच. 'वीझलीज विझर्ड व्हीझेस'! मला 'व्हीझ' हा शब्द तिथेच भेटला. अर्थ : भन्नाट युक्ती, चेष्टा. इंग्लंडच्या रंगभूमीवर विदूषक मध्येच जो विनोद घुसडायचा, त्याला पूर्वी 'व्हीझ' म्हणत. तिथून हा अर्थ आला.

दिवाळीच्या सुट्टीत साक्रीला घरी गेलो, तेव्हा आजीला रात्री त्रास झाला. डॉक्टरांनी विचारले, "व्हीझ येतो का?" कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला नातू म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी गप्प! आजी म्हणाली, "माले दम लागस." डॉक्टरांनी पुन्हा विचारले, "श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो का?" आजी लगेच म्हणाली, "हां, छातीमा पावरी वाजस."

बस, हाच व्हीझ! पावरी वाजवणाऱ्यांच्या मुलखात याहून चांगली व्याख्या कुठे मिळणार?

आपल्या 'दम' या शब्दात बरेच काही मावते. दम लागतो, दम धरतो, दम देतो. धापा टाकणे म्हणजे भराभर श्वास घेणे, सुस्कारा मनातून येतो आणि घोरणे घशातून. व्हीझ मात्र छातीतल्या बारीक श्वासनलिकांतून येतो, बहुतेक वेळा श्वास सोडताना. इंग्रजीत हा शब्द यंत्रालाही लावतात. कोंडाईबारीचा घाट चढणारी जुनी एस्टी तिकडे 'व्हीझ' करते, आपल्याकडे ती धापा टाकते!

आता थोडे आपल्या विषयाचे. दम्यात नलिकांचे स्नायू आवळतात, आतून सूज येते, चिकट कफ साठतो. अरुंद वाटेतून हवा जाताना नलिकांच्या भिंती थरथरतात आणि शिट्टी वाजते. हेगन-पॉइझेलचे सूत्र आपण रट्टा मारून पाठ केलेच आहे. दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली, तर प्रवाह 1/16 होतो. फुफ्फुसातल्या नळ्या काही इतक्या सरळ नसतात, पण अंदाज येतो.

सगळ्यात महत्त्वाचे डॉक्टरांनी शेवटी सांगितले. शिट्टी वाजायलाही हवा लागते. नलिका फारच आवळल्या तर आवाज बंद पडतो. पेशंटला धड बोलता येत नाही, ओठ निळसर पडतात आणि घरचे म्हणतात, "चला, आता शांत झोप लागली." हीच खरी धोक्याची वेळ!

आजी आता ठीक आहे. पण होस्टेलवर रात्री एखाद्या रूम पार्टनरच्या छातीत पावरी वाजू लागली, तर चेष्टा करू नका. त्याला उठवून बसवा, त्याचा पंप असेल तर हातात द्या आणि रेक्टर सरांना उठवा. आणि पावरी अचानक थांबली, पण दम तसाच असेल, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठा. तो व्हीझ गमतीचा नसतो.